वरचा ओटा

अंदमानहून येऊन आता वर्ष होत आलं. गल्लीतल्या बायका अजून विचारतात, कसं आहे हो तिकडं, समुद्र फोटोत दिसतो तसाच निळा असतो का. मी म्हणते, असतो. त्याच्यापुढं काही सांगत नाही. सांगायला लागले की माझं तोंड सुटतं, अन् एकदा सुटलं की मला ते आवरत नाही, हे जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीला पंचवीस वर्षांपासून पाठ आहे. म्हणून म्हटलं, लिहून काढावं.

आमचं घर सात माणसांचं. सासूबाई, आम्ही दोघं नवरा-बायको, माझे दीर, जाऊ अन् त्यांची दोन पोरं. आमची एकच मुलगी, ती शिकायला पुण्याला. आमचे हे सरकारी ऑफिसात, भाऊजींचं, म्हणजे दिरांचं, कापडाचं दुकान. हसनाबादला थोडी जमीन आहे, वर्षाची ज्वारी तिथून येते. घराला खाली तीन खोल्या, वर दोन. स्वयंपाकघर खाली, अन् ते माझं. हे सांगायला मला बिलकुल लाज नाही. सासरे गेले त्या वर्षी सासूबाईंनी किल्ल्या माझ्यापुढं ठेवल्या, तेव्हापासून कोणता डबा कुठं, कोणाला किती भाकरी, कोणाच्या भाजीत तिखट कमी, हे माझ्याशिवाय त्या घरात कोणी ठरवलं नाही. जाऊ हाताखाली असायची. स्वभावानं चांगली आहे, पण भारी संथ. तिला एक काम सांगावं अन् तेवढ्यात ते आपणच करून मोकळं व्हावं, अशी.

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, तर सगळंच मी बघायची. त्यांना साखर, त्यांचे गुडघे गेलेले. गोळ्या माझ्या हातानं, ताट माझ्या हातानं. दीड महिना दवाखान्यात होत्या तेव्हा मी एकटीनं काढलं. एक रात्र दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही. त्या केदारखेड्याच्या, चांगल्या खात्या घरच्या. त्यांना तेलाची तर्री लागायची, मी दिली नाही. गोड लागायचं, मी कडीकुलपात ठेवलं. बोलते मी फटकळ, ते मला कबूल आहे. पण मनात काही धरून बसत नाही. आईंना ते ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

तर गेल्या दिवाळीनंतर भाऊजी एक दिवस दुकानातून आले अन् एक पाकीट माझ्या हातात दिलं. विमानाची तिकिटं, बोटीची, हॉटेलाची, सगळं बुक. म्हणाले, वहिनी, तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तुम्ही कधी घराबाहेर पडल्या नाहीत, आता दादाला घेऊन जा. मला रडू आलं. मी त्यांच्या पोरांसमोर पदर डोळ्याला लावला. त्यानंतर आठ दिवस गल्लीत एक बाई सोडली नसेल जिला मी सांगितलं नसेल, दीर असावा तर असा. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

तिकडचे सहा दिवस कसे गेले ते सांगते, कारण ते खोटं नव्हतं असं मला अजूनही कधी कधी वाटतं. सकाळी उठायचं अन् काहीच करायचं नाही. चहा खोलीत यायचा. जेवायला गेलं की चाळीस भांडी मांडलेली, अन् त्यातलं एकही मला घासायचं नाही. पहिल्या दिवशी मी वेटरला ताटं गोळा करून द्यायला लागले तर ह्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं, अन् तिथं जिकडं बघावं तिकडं पाणीच. काचेच्या तळाच्या बोटीत बसलो तेव्हा खाली रंगीत मासे फिरत होते अन् मी घाबरून ह्यांच्या मनगटाला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. किनाऱ्याला लागेपर्यंत तसाच ठेवला. लग्नानंतर इतका वेळ आम्ही हात धरल्याचं मला आठवत नाही.

मधे मधे ह्यांना फोन यायचे. ते उठून लांब नारळाच्या झाडांकडं जायचे. मी विचारलं की म्हणायचे, रेंज नाही इथं. शेवटच्या संध्याकाळी वाळूत बसलो असताना मला म्हणाले, घरी गेल्यावर तू आता जरा निवांत राहा, सगळं तूच करायला पाहिजे असं काही नाही. मला वाटलं, बघा, माणसाला पंचवीस वर्षांनी का होईना बायकोची कदर आली. मी येडी. मी त्या रात्री देवाला हात जोडले.

परत आलो ते दुपारी चारच्या सुमाराला. विमानतळावरून जालन्यापर्यंत गाडीत मी पिशवीत कोणासाठी काय आणलंय त्याची उजळणी करत होते. घरात शिरलो तर सगळे घरात, दुकान उघडं टाकून भाऊजीसुद्धा. पण माझ्याकडं कोणी नीट बघेना. जावेनं चहा आणला. मी घरात असताना तिनं आपणहून चहा केला, हेच पहिल्यांदा मला खटकलं. चहा पिऊन कप विसळायला आत गेले तर माझं मिसळणाचं पाळं, मसाल्याचा डबा, जागेवर नाही. डब्यांची मांडणी वेगळी. तव्याच्या खिळ्यावर दुसराच तवा. मी तिथूनच ओरडले, माझं सामान कुठं आहे म्हणून.

भाऊजी टीव्हीकडं बघत राहिले. हे बॅग उचलून जिन्याकडं वळले. आईंनी पदर सारखा केला. जाऊ दारात उभी राहिली अन् फरशीकडं बघत म्हणाली, "ताई, तुमचं समदं वर लावलंय."

वर गेले. मागच्या खोलीत, जिथं आम्ही गाद्या अन् ज्वारीची पोती ठेवायचो, तिथं ओटा घातलेला. काळा कडप्पा, पांढऱ्या टाइल्स, सिंक, नवी शेगडी. सिमेंटचा ओला वास होता अजून. माझे डबे फळीवर लावलेले, अन् माझ्याच क्रमानं लावलेले: आधी डाळी, मग पोहे-रवा, मग शेंगदाणे. हाताला सवय असेल तिथंच मीठ. म्हणजे मी कसं ठेवते हे त्यांना पुरतं माहीत होतं. चूल वेगळी केली होती. मी समुद्रात मासे बघत असताना माझी चूल वेगळी केली.

अन् शेगडीवर दुधाचा डाग. नवीन चूल मांडली की आमच्यात आधी दूध तापवून उतू घालतात, घरातल्या मोठ्या बाईच्या हातानं. म्हणजे ते पण उरकलं होतं. मी खाली येऊन विचारलं, कोणी घातलं दूध उतू. जाऊ म्हणाली, आईंनी. चौदा पायऱ्या आहेत आमच्या जिन्याला. न्हाणीपर्यंत जायला ज्यांना माझा खांदा लागायचा त्या आई चौदा पायऱ्या चढून गेल्या होत्या. मला तेव्हा वाटलं, ह्या लोकांनी म्हातारीला ओढत नेलं असणार. मी आईंकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली.

ह्यांना मी धारेवर धरलं. काही लपवलं नाही त्यांनी, तेवढं खरं. दिवाळीतच ठरलं होतं म्हणाले. तिकिटं त्यासाठीच काढली होती. मी घरात असते तर गवंडी दारात शिरला नसता, हे सगळ्यांना माहीत होतं. फोन यायचे ते टाइल्स कोणत्या लावायच्या ह्याचे.

"बोटीत माझा हात धरला होता तुम्ही," मी म्हटलं, "तवा इथं भिंत फोडून राह्यले होते ना?"

ते हो म्हणाले. मग म्हणाले, "हात धरला ते बी खरंच होतं." मी त्यांच्याशी नऊ दिवस बोलले नाही.

लोक म्हणतात फिरून आल्यावर दोन-तीन दिवस घरात मन लागत नाही. माझं मन लागायला घर कुठं होतं? दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं साडेपाचला खाली उतरले, तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला, जाऊ तव्यापुढं. संथ बाई साडेपाचला उठून भाकरी थापत होती. मला बघून ती उठायला लागली, जसं काय जागा माझी आहे. मी परत वर आले. रागाच्या भरात परात ओढली अन् थापत सुटले. दहा झाल्या, बारा झाल्या, चौदा झाल्या. टोपल्यात रचताना ध्यानात आलं की आता खाणारे दोघं आहेत. खाली पाठवायच्या? मेले असते तरी पाठवल्या नसत्या. दोन दिवस आम्ही वाळलेली भाकर दुधात कुस्करून खाल्ली. हे मुकाट्यानं खात होते. मला तेच पाहिजे होतं.

पाण्याच्या दिवशी नळ आला तर खाली दोन टाक्यांवर दोन वेगळी झाकणं. माझ्या टाकीवर जावेनं खुणेला लाल दोरा बांधलेला. मोटर कोण लावणार, पाइप कोण धरणार, सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. दुपारी खालून फोडणीचा वास यायचा. लसूण जळाला की मला वरून कळायचं. ओठावर यायचं, अगं गॅस कमी कर, अन् मी तोंड दाबून बसायची. तोंडावरची कातडी तिकडच्या उन्हानं सुटत होती, ती ओढत बसायची. ह्यांनी घरच्या ग्रुपवर समुद्राचे फोटो टाकले होते. त्यात मी हसतेय. ती बाई मला बघवत नव्हती. त्यांनी सगळं माहीत असताना तो फोटो काढला होता.

ओटा काय, कडप्पा काय, मी सगळं गिळलं असतं. माझा जीव अडकला होता एकाच गोष्टीत, आई कोणाच्यात जेवणार. सगळे म्हणत होते गुडघ्यांमुळं आई खालीच राहतील, खालच्याच चुलीवर जेवतील. मी म्हटलं, ते तुम्ही ठरवलं. आईंना कोणी विचारलं का? ज्या सुनेनं पंधरा वर्षं हातावर झेललं, तिच्या हातचं सोडून आई त्या जळक्या लसणाचं खातील का? मला खात्री होती की एक दिवस आई जिन्याच्या तळाशी येऊन मला हाक मारतील. म्हणतील, मला तुझ्यातच वाढ. त्या एका हाकेवर मी बाकीच्यांना माफ करणार होते.

हाक येईपर्यंत मी काय हातावर हात धरून बसणार? रोज अकराला मी आईंपुरता एक स्टीलचा डबा भरायची. कमी तेलाची भाजी, फुलका, पातळ वरण. खाली नेऊन द्यायची. जाऊ दारातच डबा घ्यायची, आई आडव्या पडल्यात म्हणायची. संध्याकाळी माझ्या पायरीवर घासलेला डबा ठेवलेला असायचा. असं पाच-सहा दिवस चाललं.

मग एक दिवस डबा उचलला तर तो जड लागला. उघडून बघितलं. आत गुळाचा खडा अन् मूठभर भाजलेल्या शेंगा.

आता हे वाचून एखाद्याला वाटेल, त्यात काय झालं. पण आमच्याकडं शेजारणीचा डबा कोणी रिकामा परत देत नाही. तिनं काही पाठवलं की तिच्या भांड्यात चिमूटभर का होईना, काही घालूनच द्यायचं. रीत आहे ती, लोकांशी वागायची. घरच्या माणसाचा डबा रिकामाच येतो. त्याला कोण गूळ घालतं? मी तो डबा धरून जिन्यात उभी राहिले. पंचवीस वर्षं त्या घरात मेहनत केलेली मी, मला त्यांनी शेजारीण करून टाकलं होतं.

मी तशीच खाली गेले. भाऊजी दुकानात, जाऊ पोरांना आणायला शाळेत गेल्ती. आई एकट्या पलंगावर बसून खात होत्या. ताटात वाटीभर तर्री, लाल. मी डबा त्यांच्यापुढं धरला अन् विचारलं, ह्यात गूळ कोणी घातला. मला वाटलं जावेचं नाव घेतील.

"म्या घातला," आई म्हणाल्या.

मी म्हटलं, आई, मी काय परकी आहे का. मग मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, तुम्हाला ह्या लोकांनी फसवून वर नेलं ना दूध उतू घालायला? तुमच्या मनात नव्हतं ना हे? खरं सांगा, मी आहे, कोणाला घाबरायचं कारण नाही.

आईंनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाल्या, "म्याच म्हणलं माझ्या पोरांला. दादा न्हाई म्हणत होता. म्या म्हणलं, मला मराया आधी चार दिवस सुखानं खाऊ द्या. तिला कुठं तरी लांब घेऊन जाय. ती समोर असली की माझ्यानं बोलणं व्हत न्हाई."

मला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. मी हसलेसुद्धा. मी म्हटलं, आई, मी कधी तुमच्या अंगाला बोट लावलं का, कधी उपाशी ठेवलं का? त्या म्हणाल्या, नाही, तू माझं लई केलंस, पोटच्या पोरीनं केलं नसतं. अन् मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. माझ्या माहेरची चिनी मातीची लोणच्याची बरणी होती, माझ्या आईनं लग्नात दिलेली, तिच्यावर माझा भारी जीव. पाच वर्षांमागं मी हसनाबादला ज्वारी मोजायला गेल्ते त्या दिवशी ती आईंच्या हातून फुटली. आई घाबरून तिथंच खाली बसल्या. तेव्हा जावेनं त्यांना पलंगावर बसवलं, लोणचं परातीत काढलं, खापऱ्या वेचल्या अन् रिक्षानं सगळा बाजार पालथा घालून तश्शीच दुसरी बरणी आणली. मी संध्याकाळी यायच्या आत भरून, फडकं बांधून, जागेवर ठेवली. दोघींनी पोरांना शपथ घातली. रात्री जेवताना मी लोणचं वाढलं तेव्हा आईंनी ते ताटाच्या कडेला सारून ठेवलं होतं.

पाच वर्षं. पाच वर्षं मी त्या बरणीवरून हात फिरवत होते, माझ्या आईची म्हणून. एवढं मोठं घर माझ्या मुठीत आहे असं समजत होते, अन् त्या घरातल्या पोरासोरांना जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. अंदमान काहीच नव्हतं. ते तर सहा दिवसांचं.

मी म्हणाले, "मला सांगितलं असतं तर काय मारलं असतं का मी तुम्हाला?"

मला शांतपणे बोलायचं होतं. देवाशप्पथ शांतपणेच बोलायचं होतं. पण आवाज चढला, नेहमी चढतो तसा. आईंनी पटकन तर्रीची वाटी ताटावरून उचलली अन् पदराखाली घेतली. तेल त्यांच्या लुगड्यावर सांडलं. ते मी बघितलं की नाही, हे त्या माझ्या तोंडाकडं बघून तपासत होत्या.